जीरूच्या वाडग्यातला नवमीचा घास

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे. स्टीलचा, खोलगट, बुडाला पोचा आलेला. जमिनीवर ठेवला की मी थोडा वेळ डुगडुगतो आणि मग नाइलाजाने स्थिर होतो. माझी हकिगत ऐकायला बसलाच आहात, तर आधीच सांगून ठेवतो, मी फार दमलो आहे. भांडी कशाला दमतील असं तुम्हाला वाटत असेल, तर आजाऱ्याच्या घरातलं भांडं तुम्ही कधी जवळून पाहिलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पत्र्याचा एक गोल तुकडा होता, वरून जोराचा दणका बसला आणि वाडगा तयार झाला, एवढंच. मग मी इंदूरच्या बर्तन बाजारात एका दुकानात पाच भावांच्या पोटात पोट घालून बसून राहिलो. तिथून मला एका मामांनी उचललं. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. दुकानाबाहेर बसलेल्या माणसाने टकटक करत माझ्या काठावर नाव घातलं, ‘चि. सौ. कां. कस्तुरीस, मामाकडून’. नाव घालण्याचा दर अक्षरावर होता, म्हणून मामांनी आशीर्वाद वगैरे गाळून टाकले.

कस्तुरीबाईंच्या घरात मी चाळीस वर्षं मानाने राहिलो. रोजचं दही माझ्यात लागायचं. भुट्ट्याचा कीस परतून झाला की माझ्यातच काढायचे आणि वरून खोबरं-कोथिंबीर पडायची. ‘ह्या वाडग्यासारखं दही दुसऱ्या कशात जमत नाही’ असं कस्तुरीबाई आल्यागेल्याला सांगायच्या. खरं तर दही विरजणाने जमतं, वाडग्याने नाही. पण कौतुक कुणाला नको असतं? मी गप्प राहून ऐकून घ्यायचो.

कस्तुरीबाई गेल्या त्याला आता सात वर्षं झाली. इंदूरच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोनच माणसं उरली. त्यांचे यजमान विष्णुपंत, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि मुलगी यशोधरा. नाना वीज मंडळाच्या हापिसातून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. यशोधरा एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, ते भांड्यांना कोण सांगणार?

दही बाहेरून पिशवीतलं येऊ लागलं आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. एकदा वरच्या फळीवरून पडलो, तेव्हा हा पोचा आला. मग मी सिंकखाली गळणाऱ्या नळाचं पाणी धरलं, मग बाल्कनीत कबुतरांचं पाणी धरलं. हत्तीच्या पाठीवरून उतरून गाढवामागे चालावं लागलं की कसं वाटतं, ते मला विचारा. आणि अशातच एक दिवस यशोधरेने मला बाल्कनीतून उचललं, घासून लख्ख केलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं. समोर एक कुत्र्याचं पिल्लू होतं.

अर्धं पॉमेरियन आणि अर्धं स्नेहलतागंजातलंच, असं ते ध्यान होतं. पांढऱ्या अंगावर तपकिरी-काळे बारीक ठिपके. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवावा तसे, म्हणून त्याचं नाव जीरावन पडलं आणि दोन दिवसांत त्याचा जीरू झाला. मला आधी राग आला. सौभाग्यकांक्षिणीच्या लग्नातलं भांडं मी, आणि माझ्यात कुत्र्याने जेवावं? पण खरं सांगतो, इतक्या आवडीने मला आजवर कुणी चाटून पुसलं नव्हतं. आठवडाभरात राग गेला. जीरू दुसऱ्या कुठल्याच भांड्यात खाईना, याचा मला थोडा गर्वही झाला.

पण जीरू वाढेना. वर्ष झालं तरी तो पिशवीत मावेल एवढाच राहिला. आणि जेवणानंतर त्याचं काहीतरी बिनसायचं. पोटभर खाल्लं की तासा-दोन तासांनी तो खुळ्यासारखा एकाच जागी गोल गोल फिरायचा, तोंडातून लाळ गाळायचा, आणि मग फ्रिजजवळच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. भिंतीत दार आहे आणि ते उघडत नाही, असं त्याला वाटत असावं. समोरच्या सुनंदाकाकूंनी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. दृष्ट निघाली नाही. एक दिवस जीरू आडवा पडला, चारही पाय ताठ झाले आणि तो थरथर कापू लागला. यशोधरा त्याला कुशीत घेऊन अनवाणी जिना उतरली.

गल्लीपलीकडच्या डॉक्टर विनीता यांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि एक दिवस घरी येऊन, कागदावर चित्र काढून सगळं समजावून सांगितलं. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे गाळलं जातं, आणि मग अंगभर फिरतं. जीरूच्या पोटात जन्मापासूनच एक आडवाटेची शीर होती. तिच्यातून न गाळलेलं रक्त परस्पर पुढे जायचं आणि खाण्यातलं विष थेट डोक्यात चढायचं. डाळी, मांस, अंडी असं जड खाल्लं की जास्तच. औषधांनी आणि मोजक्या जेवणाने तो सावरेल, पण टिकणार नाही. ती शीर बंद करायला हवी. असं ऑपरेशन करणारे सर्जन फार थोडे. त्यातले एक पुण्याला होते.

मग खर्चाचा हिशेब मांडला. जाणं-येणं, तपासण्या, ऑपरेशन, दवाखान्यात राहणं, सगळं धरून अडीच लाखांच्या वर जात होतं. तेवढे पैसे घरात होते, पण ते नानांच्या गुडघ्यांचे होते. दोन वर्षं यशोधरेने ते पगारातून बाजूला टाकले होते. दिवाळीनंतर एक गुडघा बदलायचा, असं ठरलं होतं.

ही बातमी जिन्यातून खाली जायला दोन दिवस पुरले. सुनंदाकाकू वाटीभर साखर परत करायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“यशू, तू तर एकदम पागल झालीस बाई. ढाई लाख कुत्र्यावर? आणि बापाचे घुटने? लोक काय म्हणतील, जरा सोच तरी.”

“काकू, लोकांना जिना नाही चढायचा आमचा,” यशोधरा म्हणाली.

“अगं पण नानांना तर चढायचाय ना!”

नाना आतल्या खोलीत होते. ते भिंत धरत बाहेर आले. “सुनंदाबाई, माझे गुडघे पंचाहत्तर साल चालले, अजून एक साल चालतील. त्याला तर अजून दोन साल पण पूरे नाही झाले,” एवढंच बोलले आणि परत आत गेले. काकूंनी साखर ओट्यावर ठेवली. यशोधरेने डोळे पुसले आणि त्याच दिवशी पुण्याला फोन लावला.

आता माझ्यातलं जेवण बदललं. मऊ भात, उकडलेला दुधी, थोडा बटाटा, चिमूटभर पनीर, आणि वर एक गोड चिकट औषध. सगळं काट्यावर तोलून, दिवसातून चार वेळा. यशोधरा पहाटे उठून शिजवायची, कॉलेजातून धावत यायची, रात्री पुन्हा तोलायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. जीरू सतत भुकेलेला असायचा आणि रिकामा झाल्यावरही मला ढकलत घरभर फिरवायचा. टणटण आवाज करत मी किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. पण दीड महिना एकही झटका आला नाही. पुण्याची तारीख मिळाली.

आणि इथेच घोळ झाला. तारीख पितृपक्षात येत होती.

नानांनी पंचांग काढलं, चष्मा लावला आणि मान हलवली. “पंधरवड्यात चिरफाड नको यशू. घरात कुणी नवी सुई पण आणत नाही आणि तू पोट फाडायला नेणार? पंधरा दिवसांनी काय फरक पडतो?” यशोधरेचा यावर विश्वास नव्हता. पण गुडघे सोडून दिलेल्या बापाने मागितलेली ही एकच गोष्ट होती. तिने सर्जनना विचारलं. जेवणाचं पथ्य काटेकोर असेल तर पंधरा दिवसांनी बिघडणार नाही, असं ते म्हणाले. तारीख घटस्थापनेच्या पुढे गेली.

मित्रांनो, पितृपक्षात श्राद्धाच्या जेवणातले वेगवेगळे घास काढून ठेवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कावळ्याचा, गाईचा आणि कुत्र्याचासुद्धा. जी बाई नवऱ्याच्या आधी गेली, तिचं श्राद्ध अविधवा नवमीला असतं. कस्तुरीबाईंचं तसंच. त्या दिवशी यशोधरेने सकाळची रजा काढली, सुनंदाकाकू मदतीला आल्या, खीर झाली, उडदाचे वडे झाले. जीरूला आतल्या खोलीत कोंडलं होतं आणि तो दाराखालून नाक काढून वास घेत होता. पान वाढून, घास काढून झाले, यशोधरेने जीरूला त्याचा भात-दुधी दिला, औषध दिलं आणि ती दुपारच्या पाळीला कॉलेजात गेली. गाईचा घास काकू घेऊन गेल्या. कावळ्याचा घास गच्चीवर गेला. कुत्र्याचा घास नाना स्वतः घेऊन निघाले.

दोन जिने ते कठड्याला धरून उतरले. गल्लीत तीन कुत्री सावलीला पडली होती. पण पंधरवड्यात गल्लीतल्या कुत्र्यांचे काय लाड असतात! नऊ दिवस घराघरांतले वडे खाऊन ती फुगली होती. एकाने जवळ येऊन पत्रावळ हुंगली आणि पाठ फिरवली. बाकीच्या दोघांनी डोळेही उघडले नाहीत. नाना उन्हात उभे राहिले, च्यक् च्यक् केलं, कोपऱ्यावर पोहेवाल्याच्या गाडीपर्यंत जाऊन आले. घास तसाच राहिला. हे मला कसं माहीत? ते वर आले तेव्हा स्वतःशीच मोठ्याने बोलत होते.

“जेवायला येत का नाहीस तू कस्तुरी? रागावलीस का? काय चुकलं माझं?”

त्यांचा सदरा घामाने भिजला होता. गुडघ्यांवर हात दाबत ते स्टुलावर बसले. जीरू त्यांच्या पायाशी आला, शेपटी हलवत, पत्रावळीकडे बघत. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मला तेव्हाच कळलं. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. पायाने ढकललं तर वाजतो, एवढंच माझं बोलणं. “एवढ्याशाने काय होतंय,” असं म्हणत त्यांनी एक अख्खा वडा कुस्करून माझ्यात टाकला आणि त्यावर खीर ओतली. जीरूने श्वास न घेता ते संपवलं. नानांनी हात जोडले. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

चार वाजता जीरू फ्रिजच्या कोपऱ्यात गेला आणि त्याने भिंतीला डोकं टेकवलं.

नानांनी हाका मारल्या, पाणी दाखवलं. जीरूला काहीच दिसत नव्हतं. मग तो पडला. नानांनी फोन केला, यशोधरा वीस मिनिटांत आली, आणि जीरूला टॉवेलात गुंडाळताना तिने विचारलं, “नाना, काय खाल्लं ह्याने?”

“नेहमीचंच,” नाना म्हणाले. “तूच दिलंस ना, भात-दुधी.”

ती जिना उतरून गेली. रिक्षाचा आवाज आला आणि गेला. घरात नाना आणि मी, दोघेच उरलो.

ते माझ्यापाशी आले. मग वाकले. वाकायला त्यांना किती वेळ लागतो ते मी रोज पाहतो. त्यांनी मला उचललं, सिंकमध्ये धरलं आणि नळ सोडला. माझ्या काठाला खीर वाळून चिकटली होती, तळाशी वड्याचे चार कण होते. पाण्याची धार माझ्यापासून बोटभर दूर पडत होती. एक घासणी मारली असती तर माझ्या अंगावर काहीच राहिलं नसतं आणि कुणाला कधीच कळलं नसतं. मला धुणं आवडतं. भांड्याला दुसरं काय सुख असतं? पण त्या दिवशी मी पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणालो, नाना, नका धुऊ.

त्यांनी नळ बंद केला. मला तसाच उष्टा एका पिशवीत घातला आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा ते दोन जिने उतरले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. डॉक्टर विनीतांचा आवाज पिशवीतूनही स्पष्ट ऐकू येत होता.

“बघा यशोधराजी, मी तुम्हाला झूठी उम्मीद देणार नाही. डाएट एवढं स्ट्रिक्ट असताना पण फिट आली, मतलब लिव्हरने आता हात टेकले. अशा हालतमध्ये पुण्याचे सर ऑपरेशनला घेणार नाहीत. आज रात्री सावरला तरी पुढे हेच होत राहणार. त्याचे किती हाल करायचे ते पण सोचावं लागेल ना. शांतपणे जाऊ देणं, हा पण एक रस्ता आहे.”

टेबलावर जीरू होता, पायाला सुई लावलेली, डोळे अर्धे मिटलेले. नाना आत गेले आणि मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मी डुगडुगलो. त्या खोलीत तेवढाच आवाज झाला.

“मॅडम, मी खोटं सांगितलं,” नाना म्हणाले. “कुत्र्याचा घास मी ह्यालाच दिला. एक वडा. उडदाचा. आणि खीर, असेल दोन-तीन चमचे.”

डॉक्टरांनी मला उजेडात धरून पाहिलं. मग त्या एकदम उठल्या. “मग केस वेगळी आहे. बिलकुल वेगळी. लिव्हरने नाही, वड्याने केलंय हे.” त्यांनी मदतनिसाला हाक मारली, पोट साफ करायची तयारी करायला सांगितली, आणि जाता जाता नानांना म्हणाल्या, “काका, बरं झालं आणलंत. पण एक तास आधी सांगायचं होतं.”

बाहेर बाकावर बाप-लेक बसले. मी नानांच्या मांडीवर होतो. यशोधरा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “नाना, तुम्हाला हे ऑपरेशन नकोच होतं ना?”

मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत.

“नको होतं,” नाना म्हणाले. “खरं सांगतो. तुझ्यासमोर हो म्हणालो, पण जिना चढताना रोज वाटायचं, माझे पैसे आहेत ते. पण वडा मी त्यासाठी नाही दिला ग यशू. तुझी आई उपाशी राहील म्हणून दिला. तुला खरं नाही वाटणार.”

तिला खरं वाटलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. पण मी साक्षीला होतो, मित्रांनो. ते खरं होतं. जीरू दोन दिवसांनी शुद्धीवर आला आणि चौथ्या दिवशी घरी आला, तोवर त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. यशोधरा त्यांना नुसतं ‘जेवायला वाढलंय’ एवढं सांगायची. नाना ताट संपवून स्वतःच धुऊन ठेवायचे. जीरूच्या जवळ ते जाईनात. तो शेपटी हलवत आला तर पाय मागे घ्यायचे.

ऑपरेशनची तारीख कोजागिरीपर्यंत लांबली. भाड्याच्या गाडीने पुण्याला जायचं ठरलं आणि निघायच्या दिवशी नाना पिशवी घेऊन जिन्याखाली उभे होते. “मी पण येतो,” म्हणाले. यशोधरेने गाडीचं दार उघडून धरलं. दिवसभराच्या प्रवासात मी मागच्या सीटवर जीरूच्या टोपलीजवळ होतो. घाटात त्याला उलटी झाली आणि ती माझ्यातच झाली. असो.

पुण्याचे डॉक्टर शंतनु फार बोलणारे नव्हते. “आडवाटेच्या शिरेभोवती आपण एक छोटी कडी बसवणार आहोत,” त्यांनी सांगितलं. “ती आतून हळूहळू फुगते आणि महिना-दीड महिन्यात शीर बंद करते. एकदम बांधली तर यकृताला तो लोंढा सोसणार नाही. खरी परीक्षा ऑपरेशननंतर आहे. पहिले तीन दिवस झटके येऊ शकतात. आले तर मात्र कठीण असतं.”

ऑपरेशन तीन तास चाललं. कडी बसली. यशोधरेने पहिल्यांदा चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते उगाच नाही. त्यानंतरचे दोन दिवस मी दवाखान्याच्या लोखंडी पिंजऱ्यापुढे भात घेऊन पडून होतो. भात सुकायचा, टाकून द्यायचे, नवा ठेवायचे, तोही सुकायचा. झटके औषधाने थांबले, पण जीरू उठेना, काही हुंगेना. यशोधरा चमचा तोंडाशी नेऊन नेऊन थकली. चौथ्या दिवशी सकाळी शंतनु म्हणाले, “संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही, तर नळी घालावी लागेल. आणि अंगात ताकद फारशी नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.”

यशोधरा भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिला रडूही येत नव्हतं. इतक्या दिवसांत ती कधी पूर्ण झोपलीच नव्हती. नाना दारापाशी खुर्चीवर होते, चार दिवस तिथेच. ते उठले, पिंजऱ्यापाशी आले आणि दोन्ही हातांनी पिंजऱ्याचे गज धरून खाली बसू लागले. गेल्या सहा वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. एक गुडघा कडकन वाजला. त्यांच्या तोंडातून ‘आई ग’ निघालं. पण ते बसले. त्यांनी मला मांडीवर घेतलं, भातावर दुध्याचं पाणी घालून तो बोटांनी मऊ केला, एक लहानसा घास हातावर घेतला. आणि थांबले.

ते मुलीकडे बघत राहिले. हातावर घास तसाच.

“देऊ का?” त्यांनी विचारलं.

यशोधरेने मान वर केली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि इतक्या दिवसांचं साचलेलं रडू एकदम फुटलं. “द्या नाना,” ती म्हणाली. “तुम्हीच द्या.”

जीरूने डोळे उघडले नाहीत. पण त्याचं नाक हललं. मग जीभ बाहेर आली, कोरडी, आणि नानांच्या हातावरून एकदा फिरली. मग पुन्हा. तो घास संपला, दुसरा संपला. तिसऱ्याला त्याने मान उचलून माझ्या काठावर ठेवली आणि स्वतः खाल्लं. सगळं मिळून पाच-सहा चमचे भात असेल. माझ्या आयुष्यात दही, श्रीखंड, कोजागिरीचं दूध, काय काय येऊन गेलं, पण असा भात आला नाही. नंतर नानांना उठवायला यशोधरा आणि दोन मदतनीस लागले.

आता तीन महिने झाले आहेत. जीरू घरी आहे. पूर्ण बरा झाला असं डॉक्टर विनीता म्हणत नाहीत. रक्ताचे आकडे सुधारलेत, अजून सहा महिने बघावं लागेल, एवढंच म्हणतात. तो अजूनही दुधी-भातच खातो आणि मला ढकलत फिरतो. गुडघ्यांचे पैसे पुन्हा शून्यापासून साठतायत. नाना कठडा धरून एकेक पायरी चढतात आणि मधल्या मजल्यावर पाच मिनिटं बसतात. सुनंदाकाकूंनी त्यांच्यासाठी तिथे एक खुर्ची ठेवली आहे. यशोधरेला आता थोडी झोप मिळते, कारण सकाळचा भात नाना तोलतात. थकवा मात्र सगळ्यांचा अजून तसाच आहे. माझा तर आहेच.

जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला नवी जागा नको, फळीवरचा मान नको, पोचाही काढू नका. एवढंच करा. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, माणूस असो नाहीतर मुकं जनावर, तर त्याच्या पुढ्यात काहीही ठेवण्याआधी, त्याच्यासाठी जो जागतो आहे त्याला विचारा. मायेने ठेवत असाल, देवाधर्माचं म्हणून ठेवत असाल, तरी विचारा. आणि मित्रांनो, न विचारता ठेवलंच कधी, तर मला घासत बसू नका. तसाच उष्टा उचला आणि डॉक्टरांसमोर नेऊन ठेवा.